पूर्ण पोकळ, अर्धी पोकळ

गिटार घेताना लोक रंग बघतात. मी आधी भोकातून आत बघतो. तीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून सुटे भाग नापास करण्यात गेली, खोड जात नाही. माझ्या जुन्या जपानी गिटारीच्या पोटावर दोन लांबट, वळणदार भोकं आहेत. त्यांतून टॉर्च मारला की मधोमध, गळ्यापासून बुडापर्यंत, लाकडाचा ठोकळा दिसतो. कडेला पोकळी, मध्ये भरीव. म्हणून ही सेमी-हॉलो, अर्धी पोकळ. माझ्या मित्राची हिच्याहूनही जुनी आणि पूर्ण पोकळ. पुण्याच्या कॅम्पात, हॉटेलात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून त्यानं ती घेतली होती. बाहेरून दोघी सख्ख्या बहिणी वाटाव्यात, पण तिच्या पोटात ठोकळा-बिकळा काही नाही.

फरक कळतो तो आवाज वाढवल्यावर. अँपचा, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याचा, आवाज पोकळ गिटारीच्या पोटात शिरतो, पोट थरथरतं, त्यानं तारा थरथरतात, ते पुन्हा अँपमधून बाहेर येतं आणि गिटार बोंबलायला लागते. माझी ठोकळ्यामुळे गप्प राहते. तिच्या या शहाणपणाचा मला फार माज होता.

कंपनीत आमचा ऑर्केस्ट्रा होता. मित्र प्रेस शॉपला, पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या धडधडाटात, मी क्वालिटीला, दोघंही गिटारवर. खंडेनवमीला मशिनी धुऊन-पुसून, हार घालून पूजा झाली की शॉपमध्येच कार्यक्रम व्हायचा. अकरा वर्षांपूर्वी अशाच कार्यक्रमात त्याची गिटार तीन गाण्यांत चार वेळा बोंबलली. साहेबांनी कानांवर हात ठेवले. मी खुणा करत होतो, कमी कर, कमी कर. तो वाढवतच होता. कार्यक्रम संपला तेव्हा लोक प्रसादाच्या रांगेत उभे होते. त्या सगळ्यांसमोर मी खिशातून रिजेक्शनचा लाल टॅग काढला आणि तारेनं त्याच्या गिटारीला बांधला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘आतून पोकळ’. लोक पोट धरून हसले. टॅगची थट्टा आमच्याकडे नेहमीचीच. कधी कुणाच्या डब्याला, कधी कुणाच्या नव्या बुटांना. पण त्या टॅगवर मी सवयीनं सहीही केली होती, आणि माझ्या सहीनं नापास झालेला माल पुन्हा लाइनवर येत नाही हे सगळ्या शॉपला माहीत होतं. त्यानं टॅग सोडवून खिशात घातला. त्यानंतर तो तालमीला आला नाही. मीही बोलवायला गेलो नाही. म्हटलं, येईल झक मारत.

आता मी रिटायर झालोय. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी बंगळूरला. निगडीच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी शहाणी गिटार. अँप लावला की खालच्या मजल्यावरचे वर येतात. अँपशिवाय वाजवावी तर तो ठोकळा आवाज गिळून बसतो. पूर्ण पोकळ असती तर नुसत्या बोटांनी खोली भरली असती. गर्दीत माझी बरी, पण एकट्या माणसाला मित्राचीच हवी. हे कळायला मला एकटं पडावं लागलं, याचा संताप येतो. एकटेपणा फार वाईट आहे. हल्ली मी दुधाच्या पिशवीशीसुद्धा बोलतो. मला मित्र परत हवा होता, आणि त्याआधी त्याची माफी मागायला हवी होती. एका रविवारी सकाळी गिटार खांद्याला लावून मी ताथवड्याला त्याच्या घरी गेलो.

दार वहिनींनी उघडलं. तो खिडकीशी बसला होता. “कसा आहेस?” मी विचारलं. त्यानं माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे पाहिलं.

“मोठ्यानं बोल राव. कान गेलं माझं. मशीन दिलंय डॉक्टरनं, पन ते कानात शिट्टी मारतंय. टाकलंय ड्रॉवरमधी.”

“कधीपासून?”

“लई वर्सं झाली. प्रेस शॉपनं खाल्लं. त्या खंडेनवमीलाच निम्मं गेलं व्हतं. माझी गिटार मलाच ऐकू येईना, म्हनून आवाज वाढवत ऱ्हायलो. गिटारीत काय खोट न्हवती. तुला सांगायची लाज वाटली.”

तीस वर्षं मी गेज लावून माल तपासला, आणि त्या दिवशी माल तपासला, माणूस नाही. खांद्यावरची गिटार उतरवून मी त्याच्या शेजारी बसलो.

त्यानं माझी गिटार मांडीवर घेऊन तार छेडली, तिच्या पाठीवर तळवा ठेवला आणि मान हलवली. “हिचं काय कळंना.” मग ती माझ्या मांडीवर ठेवून कपाटावरून स्वतःची काढली. तिच्या कडेवर हनुवटी टेकवून, डोळे मिटून तो हळूहळू वाजवू लागला. इतकी वर्षं तो असाच, हाडांतून ऐकत, एकटा वाजवत होता. सूर एकही चुकला नाही. मला रडू आलं.

तो थांबला तेव्हा मी बोललो. “त्या दिवशी मी फार वाईट वागलो. मला माफ कर. पुन्हा माझ्याबरोबर वाजव.” बोलताना त्याच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून माझ्या मांडीवरच्या गिटारीकडे बघत बोललो. वर पाहिलं तर तो छान हसत होता. मला इतकं हलकं वाटलं की चहा झाल्यावर लगेच निघालो.

वहिनी लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, “भावजी, एक सांगू? तुमी मघाशी खाली बघून बोललात. त्यांना वठ दिसलं न्हाईत. ऐकू न्हाई आलं की ते असंच हसत्यात.”

मी लिफ्टचं बटण दाबलं.

“आत चला. म्होरं बसून सांगा.”

लिफ्ट आली होती. “पुढच्या रविवारी येतो,” मी म्हणालो आणि लिफ्टमध्ये शिरलो. त्याला चार महिने झाले.