सुबक आलेखांची शरम

शेवगावच्या शाळेत माझा हात चित्रकलेत चांगला होता. नकाशे मी असे काढायचो की मास्तर ते भिंतीवर लावून ठेवत. पुढे नगरला कॉलेजात गेलो आणि वडिलांच्या इच्छेने अर्थशास्त्र घेतलं, तेव्हा हाच हात मला नडेल असं वाटलं नव्हतं.

आमचे प्राध्यापक इंग्रजीतून शिकवत. फळ्यावर एक उभी रेघ, एक आडवी, त्यांच्यामध्ये एक उतरती वक्ररेषा आणि तिला छेदून जाणारी एक चढती. 'डिमांड', 'सप्लाय' हे शब्द कानावर पडेपर्यंत त्यांचा खडू पुढच्या आकृतीकडे गेलेला असे. मागणी म्हणजे काय ते मला कळत होतं. बाजाराच्या गावात वाढलेल्या मुलाला ते कळणारच. पण ती मागणी त्या रेघेत नेमकी कुठे बसली आहे, हे काही केल्या दिसत नव्हतं. रेघ उतरते म्हणजे काय उतरतं? भाव, माल, की दोन्ही? बाकीचे माना डोलवत. विचारलं तर आपणच खेडवळ ठरू, या भीतीने मीही डोलवू लागलो आणि मला जे येत होतं ते केलं. आकृत्या हुबेहूब उतरवून घेतल्या. टोकदार पेन्सिल, काळी शाई, कुठे डाग नाही.

एकदा बाकांमधून फिरताना प्राध्यापक माझ्यापाशी थांबले. "छापल्यासारखी काढलीय," ते म्हणाले आणि माझी वही उचलून सगळ्या वर्गाला दाखवली. त्या दिवसापासून विचारायची उरलीसुरली वाटही बंद झाली. ज्याच्या आकृत्या वर्गाला दाखवतात, त्याने उठून 'ही रेघ कसली?' असं कसं विचारायचं?

स्नेहसंमेलनाला प्रदर्शन भरायचं होतं. अर्थशास्त्राचे मोठे तक्ते काढायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी ते जीव ओतून केलं आणि वडिलांना मुद्दाम बोलावून घेतलं. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते, कॉलेजचं शिक्षण त्यांना घेता आलं नव्हतं. सर्व्हिस मोटारीने धूळ खात आले, नळावर तोंड धुतलं, टोपी झटकली आणि माझ्या तक्त्यांसमोर उभे राहिले. इंग्रजी अक्षरं त्यांनी हळूहळू लावून वाचली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट करून देताना "आमच्या मुलाने काढलेत" एवढं सांगत होते.

तेवढ्यात प्राध्यापक एका वयस्क वकिलांना घेऊन आले. "हाच तो विद्यार्थी," त्यांनी माझी ओळख करून दिली आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे गेले. वकिलांनी चष्मा सारखा केला, दोन रेघा छेदतात तिथे बोट ठेवलं आणि अगदी सहज विचारलं, "इथे काय होतं?"

"तिथे दोन्ही रेघा छेदतात," मी म्हणालो.

"ते दिसतंय. पण म्हणजे बाजारात काय होतं?"

तक्त्याखालची इंग्रजी ओळ मी वाचून दाखवली. ते ऐकत राहिले. मग त्यांनी उभ्या रेघेकडे बोट केलं. "बरं, ही कसली रेघ?"

"मालाची," मी म्हणालो. त्या रेघेशेजारी मीच, माझ्याच वळणदार अक्षरात 'प्राइस' असं लिहिलेलं होतं.

वकिलांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्यांची ती सभ्यता मला फार लागली. तेवढ्यात वडील पुढे झाले. "जागरणं झालीत त्याची," ते म्हणाले. "आत्ता सुचत नाहीये त्याला." आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी परक्यापुढे हात जोडून सबब सांगत होता. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मी त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. गाडी सुटायला अवकाश होता.

"तुला ते कळतं का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही, अण्णा."

"काहीच नाही?"

"रेघांचं काहीच नाही."

त्यांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर सारखी केली. "मी पोरांना सांगतो, न कळलेलं विचारा म्हणून," ते म्हणाले. "तुला सांगायचं राहिलं वाटतं." रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवस मी वर्गात मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत गेलो आणि मला आलेख कळत नाहीत असं सांगितलं. ते चकित झाले. "तुझे तर सगळ्यांत चांगले असतात!" मग त्यांनी माझ्या हातातली पट्टी काढून घेतली आणि कोरा कागद पुढे केला. "कांदा किती महाग झाला की तुमच्या घरी किती कमी घेतात, सांग." मी सांगत गेलो, ते ठिपके द्यायला लावत गेले. ठिपके जोडल्यावर वाकडीतिकडी रेघ खाली उतरली. भाव वर चढत होता आणि माल कमी होत होता. एवढंच होतं ते. इतकं सोपं होतं म्हणून मला आणखीच लाज वाटली.

परीक्षेत मी पास झालो, बेताच्याच मार्कांनी. निकाल सांगायला शेवगावला गेलो तेव्हा वडिलांनी पाठीवर हात ठेवला आणि जेवायला बस म्हणाले. त्या प्रदर्शनाचा विषय त्यांनी पुढे कधी काढला नाही. मीही काढला नाही.