सिस्टरच्या झाडाची लाकडी फळं

माझे सासरे खरादावर लाकूड कातून पलंगाचे खूर आणि लाटणी काढत. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. खराद घराच्या पुढच्या खोलीत होता. माझे मालक एसटीत कंडक्टर, दिवसभर बाहेर, म्हणून कातलेल्या लाकडाला लाखेचा रंग द्यायचं काम माझ्याकडं आलं होतं.

आमच्या मागच्या गल्लीत एक ख्रिस्ती नर्सबाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. माझी थोरली झाली तेव्हा बाळंतपणाला त्याच होत्या. डिसेंबर लागला आणि त्या काचेचा एक लाल गोळा रुमालात गुंडाळून आमच्याकडं आल्या. आदल्या नाताळात त्यांच्या घरातल्या सजवलेल्या झाडावर मांजर चढलं, झाड आडवं झालं आणि बाकीचे सगळे गोळे फुटले.

"मामंजी, असं लाकडाचं जमंल का?"

मामंजींनी गोळा उजेडात धरून पाहिला. "हे लागतंय कशाला?"

"झाडाला टांगायला."

"झाडाला काय फळं येत नायत व्हय?"

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग त्यांनी नाताळचं झाड कसं सजवतात ते सांगितलं. मामंजींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्याच दुपारी शिसमाचे उरलेले तुकडे खरादावर चढवले.

गोळे सुरेख झाले. आम्ही दोघं ते टोपलीत घालून सिस्टरकडं गेलो. डब्यात सुरूची फांदी रोवलेली होती. पहिले काही गोळे टांगले तशा डहाळ्या खाली गेल्या, आणखी टांगले तसं अख्खं झाड मामंजींच्या अंगावर आलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी कवळलं. फेटा सुरूच्या काड्यांत अडकला.

"सूनबाई, हसू नकू. आधी धर ह्याला."

मला हसू आवरेना आणि सिस्टरना तर बोलताही येईना.

 घरी येताना मामंजी म्हणाले, शिसम जड, या कामाचं नाही. मला माझं माहेर आठवलं. बिडकीनला आमच्या बांधावर पांगारा होता. त्याची वाळलेली फांदी आम्ही लहानपणी काडीसारखी उचलायचो. मी सांगितलं तसे मामंजी दुसऱ्या दिवशी स्वतःच बिडकीनला गेले आणि खांद्यावर वाळका पांगारा घेऊन आले. माझ्या भावानं सोबत वांगीही दिली होती.

आता त्यांना नुसते गोळे काढवेनात. त्यांनी छोटे भोवरे काढले, देवळाचे कळस काढले, देठासकट वांगी काढली. तुकडा फिरत असताना मी लाखेची कांडी टेकवायची. लाख तापून वितळायची आणि रंग लाकडाभोवती सरसर पसरायचा. वाळलेल्या केवड्याच्या पानानं घासलं की अशी चकाकी यायची की त्यात खिडकी दिसायची.

एके दिवशी मामंजी उठले आणि पटाशी माझ्या हातात दिली.

"तू काढ एक."

"मला नाय जमायचं."

"माझं पहिलं लाटणं तुझ्या सासूनं चुलीत घातलं हुतं. काढ तू."

पटाशी टेकवताच हाताला झिणझिण्या आल्या. भुसा तोंडावर उडाला. मामंजी शेजारी उभे राहून फक्त "हळू, हळू" म्हणत होते. मला गोळा काढायचा होता, निघाला पेरू, तोही एका अंगाला फुगलेला. मी तो बाजूला ठेवणार होते, पण मामंजींनी त्याला हिरवा रंग द्यायला लावला.

नाताळच्या दिवशी सिस्टरनी तो पेरू झाडाच्या ऐन समोर टांगला. झाड ताठ उभं होतं. मामंजी धुतलेला फेटा बांधून खुर्चीत बसले होते आणि मुलीच्या लग्नात बाप करतो तशी आल्यागेल्याची विचारपूस करत होते. चर्चमधून आलेल्या बायका वांगी पाहून हसत आणि हात लावून बघत. एकीनं विचारलं, "हा पेरू कुणी केला?"

"आमच्या सूनबाईनं," मामंजी म्हणाले. "औंदा शिकली."

पुढच्या डिसेंबरात छावणी भागातूनही माणसं अशी फळं मिळतील का विचारत आली. तोवर माझे गोळे गोल निघायला लागले होते. सकाळी खरादावर मामंजी बसत, दुपारी मी. ते बाजेवर पडून आवाज ऐकत आणि पटाशी जास्त रुतली की डोळे न उघडता म्हणत, "हात हलका ठेव."

मी ठेवायची.