सैल म्यान

सुऱ्या घडवण्याचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. जुन्या बाजारातून करवतीची मोडकी पाती आणायची आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत घासत बसायचं. बायको म्हणायची, "शेजारी विचारतायत, कोणाचा काटा काढायचा आहे?" स्वयंपाकघरात मात्र तिने माझी एकही सुरी येऊ दिली नाही, चामड्याच्या म्यानातली तर नाहीच. तिला तिची विळी पुरे होती.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. ती चालू-बोलू लागली, पण उजवा हात काही परत आला नाही. खाली बसणं बंद झालं आणि विळी माळ्यावर गेली. भाजी चिरायला एक बाई येऊ लागल्या. मनाने फार चांगल्या, पण त्यांनी केलेल्या दुधीच्या फोडी पाहून हिचा चेहरा पडायचा. एकदा म्हणाली, "आता मी या घरात पाहुणीच." मला ते फार लागलं.

मी मळलेल्या कणकेचा गोळा तिच्या डाव्या हातात दिला आणि घट्ट धरायला सांगितलं. तो ठसा समोर ठेवून बाभळीची मूठ कोरली. पात्याला किंचित बाक दिला, म्हणजे एका हाताने दाबून चिरता येईल. भाजी सरकू नये म्हणून चिरायच्या पाटाला खालून, टोकं वर येतील असे, खिळे ठोकले. म्यान जुन्या दाराच्या सागवानाचं. त्यावर मी सगळ्यात जास्त खपलो. उलटं धरून झटकलं तरी सुरी बाहेर येत नव्हती. ही बनवणाऱ्याची खरी ऐट.

सुरी हातात देऊ नये, भांडण होतं, असं तिच्या माहेरी मानतात. म्हणून मी ती ओट्यावर ठेवली आणि मागे सरलो. तिने मूठ धरली. मूठ बरोबर बसली. ओढली, तर सुरीबरोबर म्यानही उचललं गेलं. तिने ते पोटाशी दाबून पाहिलं, ओट्याच्या कडेला अडवून पाहिलं. कपाळावर घाम आला. म्यान धरायला दुसरा हात लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी हात पुढे केला. "मी धरतो ना. रोज धरत जाईन."

"मग बाईच बऱ्या," ती म्हणाली. "त्या निदान कौतुकाची वाट बघत उभ्या राहत नाहीत."

मी म्यान घेऊन बाल्कनीत आलो. पट्टीला पॉलिश पेपर गुंडाळला आणि आतून घासत सुटलो. इतकं नेमकं जमलेलं काम आपल्याच हाताने बिघडवायचं, अगदी जिवावर आलं होतं. शेवटी जरा तिरपं केलं की सुरी निसटू लागली. कोणाला दाखवायची सोय उरली नाही.

सकाळी ते पुन्हा ओट्यावर ठेवलं. तिने मूठ धरून ओढली. म्यान जागेवर राहिलं आणि सुरी हातात आली. तिने दुधी खिळ्यांवर रोवला आणि चिरू लागली. माझा हात सवयीने पुढे झाला होता.

"तुम्ही बाहेर बसा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "चहा आणते."

मी बाहेर पाहुण्यासारखा खुर्चीत बसलो. आत पाटावर सुरीचा आवाज चालू होता, आणि मला रडू आवरेना.