लाल झालेली हळद

नव्वदच्या दशकात कुरुंद्याजवळच्या एका शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवत होतो. आपल्या पायाखालचा काळा दगड एकेकाळी वितळलेला होता, हे मुलांना पटेना. म्हणून मी त्यांना मातीचे ज्वालामुखी करायला लावले. मधल्या खड्ड्यात सोड्याचं पाणी, वरून लिंबाचा रस, की फेस उसळतो. सगळ्यात चांगला ज्वालामुखी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार होता. अट एकच, कुंकू आणायचं नाही. आदल्या वर्षी लाव्हा लाल करायला पोरांनी घरचे करंडे रिकामे केले होते, आणि कुंकू चिखलात सांडलं म्हणून त्यांच्या आया शाळेत भांडायला आल्या होत्या.

तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीच्या खड्ड्यात लालभडक पाणी दिसलं.

"कुंकू काहून आणलंस?"

"कुंकू न्हाई सर, हळद हाय. धुण्याच्या सोड्यात कालवली."

"हळद लाल असती व्हय?"

वर्ग हसला. तिला मी लिंबू पिळूच दिलं नाही. स्पर्धेच्या यादीतून तिचं नाव खोडलं.

त्या रविवारी बायको माझा सदरा धूत होती. वरणाच्या डागाला साबण लागला आणि डाग लाल झाला. मी बघतच राहिलो.

"हळदीला साबण लागला की असंच होतं," ती म्हणाली. "कधी धुणं धुतलं असतं तर कळलं असतं."

विज्ञानाची पदवी घेतलेला मी. दुसरं कुणाचं पोरगं असतं, तर 'करून दाखव' म्हणालो असतो. ती तांड्यावरची, म्हणून मी तेवढंही म्हणालो नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

सोमवारी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "तू खरं बोलत होतीस. माझं चुकलं."

ती खाली बघत म्हणाली, "मंग नाव लिहा की सर."

लिहिलं. मग तिने पुन्हा हळद कालवली आणि लिंबू पिळलं. लाल पाणी फसफसून वर आलं आणि पिवळं होत डोंगरावरून उतरलं. पोरं बाकावर चढली. प्रदर्शनाला तिचाच ज्वालामुखी निवडला.

तालुक्याला नंबर आला नाही. परतताना एसटीत तीच माझी समजूत घातल्यासारखी म्हणाली, "सर, तपासणाऱ्या सायबाला बी म्हाईत नव्हतं. दोनदा करून दाखवाय लावलं त्यानं."