गाजरांचा हिवाळा

सतराव्या वर्षी माझ्या तोंडावर इतके मुरुम होते की हात फिरवला तर गाल सापडायचा नाही. जळगावच्या डॉक्टरांनी गंधकाचं मलम दिलं होतं आणि दिवसातून दोनदा घ्यायच्या कॅप्सूल. मलमाच्या वासाने वर्गात माझ्या बाकावर कुणी बसेना आणि कॅप्सूलने पोटात आग पडायची. आठवड्याभरात मी दोन्ही बंद केलं आणि आईला कळू दिलं नाही. आईचा डॉक्टरांवर विश्वास होता. माझा डॉक्टर सोडून बाकी सगळ्यांवर होता.

त्या बाकी सगळ्यांत पहिले आमच्या गल्लीतले नाना. ते शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. गावाबाहेर त्यांचा छोटासा मळा होता आणि जीवनसत्त्वं हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. "पोरी, कातडीला अ जीवनसत्त्व लागतं," ते म्हणाले. "कॅप्सूलचं काम चार तासांचं. गाजराचं अंगात मुरतं. दोन-तीन महिने खा, तोंड काचेसारखं होईल." काचेसारखं हा शब्द मी घरी नेला आणि रोज त्याच्यावर डोकं ठेवून झोपले.

त्याच हिवाळ्यात मी धुळ्याला नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. मुलाखत झाली होती, वैद्यकीय तपासणी तेवढी राहिली होती. वडिलांनी एकदाच सांगून टाकलं होतं, "यंदा नंबर लागला तर जा. नाही तर दोंडाईच्याचं स्थळ आलंच आहे." मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की एसटीचा भोंगा ऐकला तरी छातीत धडधडायचं.

अडचण गाजरांची होती. आम्ही ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो ते राजस्थानातून आलेले जैन व्यापारी. जमिनीखाली वाढणारं काही त्यांना चालत नसे, आणि जागा घेताना आईने आपण होऊन शब्द दिला होता की आमच्याही चुलीवर, ताटात तसलं काही येणार नाही. माणसं इतकी चांगली की तो शब्द मोडायची कुणाला लाज वाटावी. म्हणून मी घरात गाजर आणलंच नाही. मळ्यात जाऊन खाल्लं.

ते दिवस आठवले की अजून सगळं केशरी दिसतं. सकाळी शाळेआधी मी बांधावर बसायची. मोटेच्या पाण्याने पाट भरून वाहत असायचा. नाना ओली गाजरं उपटून, पाटात धुऊन माझ्या ओच्यात टाकायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. दात लागले की कुठूनतरी थंडी आत शिरायची, आणि चावता चावता डोळे आपोआप मिटायचे. मग मला मी दिसायची. लांबच लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खाटा, आणि मधून चालत येणारी पांढऱ्या कपड्यांतली, पांढऱ्या टोपीतली एक मुलगी. तिचं तोंड अगदी स्वच्छ असायचं. खाटेवरचे लोक तिच्याकडे पाहून हसायचे. ऊन पाठीवर चढायचं, डाळ मिलचा भोंगा व्हायचा आणि मी सात-आठ गाजरं संपवून उठायची. संध्याकाळी परत तेवढीच. असे अडीच-तीन महिने. शाळेला उशीर झाला म्हणून किती छड्या खाल्ल्या त्याचा हिशेब मी ठेवला नाही.

घरात आरसा होता तो मिणमिणत्या उजेडात, आणि रोज पाहणाऱ्या आईलाही काही वेगळं वाटलं नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी धुळ्याला मावशीकडे उतरले. दारातल्या उन्हात तिने मला पाहिलं आणि हातातली परात खाली ठेवली.

"हाई काय व्हयनं वं माय? हात दखाड बरं." तळहात पाहून ती खालीच बसली. "तुले कावीळ व्हयेल शे."

मी पाहिलं. तळहात हळद कुटल्यासारखे पिवळे होते. मुरुम मात्र जागच्या जागी होते, फक्त आता पिवळ्या जमिनीवर. मला खरंच वाटलं, मला कावीळ झाली, आणि माझं धुळं इथेच संपलं. मावशीने रडायलाही वेळ दिला नाही. पलीकडच्या आळीत कावीळ उतरवणारे एक म्हातारे आबा होते. त्यांनी कसल्याशा झाडाच्या मुळ्यांच्या बारीक तुकड्यांची माळ माझ्या डोक्यावर बसवली. कावीळ जसजशी उतरेल तसतशी माळ लांबत गळ्यात येईल, तोवर हात लावायचा नाही, असं बजावलं. सकाळी केसांखाली ती जमेल तेवढी लपवून मी तपासणीच्या रांगेत उभी राहिले.

तपासणारी डॉक्टरबाई वयस्कर होती, शांत आवाजाची. तिला माळ लगेच दिसली.

"ही कशाची?"

"काविळीची."

तिने लेखणी खाली ठेवली. "कावीळ असेल तर यंदा घेता येणार नाही, बाळ."

मला पायाखालची फरशी तेवढी दिसत होती. तिने मला खिडकीशी नेलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं आणि खालची पापणी ओढली. आधी एक डोळा, मग दुसरा. मग तळहात पाहिले, बराच वेळ.

"डोळे तर पांढरेशुभ्र आहेत. तू खातेस काय?"

आईने दिलेला शब्द आठवला. पण खोटं बोलायला डोकंच चालेना.

"गाजरं."

"किती?"

"सकाळी सात-आठ, संध्याकाळी सात-आठ. दिवाळीपासून."

"कशासाठी?"

रांगेत मागे दहा-बारा मुली होत्या. "मुरुमांसाठी," मी म्हणाले, आणि मागे खसखस पिकली. कॅप्सूल बंद केल्या हेही सांगून टाकलं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ती हसली नाही. "कावीळ नाही. गाजराचा रंग चढलाय. खाणं सोड, हळूहळू उतरेल." मग तिने माझ्या गालावर हात ठेवला, त्या खडबडीत, लाल-पिवळ्या गालावर, आणि लगेच काढूनही घेतला नाही. मुरुमांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. कागदावर काहीतरी लिहून सही केली.

"ती माळ काढ आता. तिच्यावर टोपी बसायची नाही."

ती काय म्हणाली ते कळायला मला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी माळ अशी घाईने ओढली की ती केसांत अडकली, आणि शेवटी तिनेच सोडवून काढली.