हॅनाने दिलेलं आडनाव

क्लिफर्ड बर्कनरॉइडला आडनावाचा माज होता आणि तो लपवायची तसदी त्याने कधी घेतली नाही. हयात गेली यॉर्कशरच्या उतारांवर दगडी कुंपणं रचण्यात. पण चहाला बसला की गाडी आडनावावरच यायची. 'बर्कन' म्हणजे बर्चची झाडं, 'रॉइड' म्हणजे रान तोडून काढलेली जमीन. सहाशे वर्षांपूर्वी कोण्या जॉनने माळाखालची बर्च तोडून शेत काढलं, आणि तिथे राहणारे झाले बर्कनरॉइड. जगाच्या पाठीवर या नावाचा माणूस कुठेही भेटो, मूळ तेच एक शेत, असं क्लिफर्ड टेबलावर मूठ आपटून सांगायचा.

दर जूनमध्ये हे सगळे बर्कनरॉइड चॅपलच्या हॉलमध्ये जमत. हॅम, व्हिनेगरमधले कांदे, पार्किन केक, आणि तीन टेबलं जोडून पसरलेली वंशावळ. पुरावा असेल तर नाव शाईने, नसेल तर पेन्सिलीने. नियम क्लिफर्डचाच, आणि तीस वर्षं त्याने तो खाष्ट सासूसारखा चालवला. लीड्सच्या एका बाईंना पेन्सिलीत टाकलं तेव्हा त्या रडल्या होत्या. याने त्यांना चहा पाजला, पण शाई काही दिली नाही.

यंदा मे महिन्यात, निराधारांना ठेवून घेणाऱ्या वर्कहाउसच्या जुन्या वह्या चाळताना त्याला स्वतःचे पणजोबा सापडले. सॅम्युअल, वय अंदाजे तीन, रस्त्यावर मिळाला, आईबाप अज्ञात. नवव्या वर्षी बर्कनरॉइड शेतावर कामाला धाडला. पुढे चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची एकच ओळ होती: शेतमालकाची बायको हॅना हिने पोराला घरचं आडनाव दिलं.

"म्हणजे चाळीस वर्षं मी भलत्याच नावाने सह्या करतेय होय?" त्याची बायको मॅव्हिस म्हणाली.

क्लिफर्ड हसला नाही. "मला त्या वंशावळीतून उठावं लागेल, मॅव्हिस. मी त्यांच्यातला नाहीच."

"मग ऊठ. पण आधी जेव."

गप्प बसला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण लोकांना पेन्सिलीत टाकणारा माणूस स्वतः खोट्या शाईत कसा बसणार? जूनमध्ये तो खिशात मॅव्हिसची शिवणाची कात्री घेऊनच गेला. सगळं सांगितलं आणि कात्री टेबलावर ठेवली.

"माझी फांदी खोटी आहे. शाई पुसत नाही, तेव्हा कापून टाका. आणि एनिडआत्या, तुम्हाला आत्या म्हणायचाही हक्क राहिला नाही मला."

एनिड सगळ्यांत थोरली, ब्याऐंशीची, आणि जिभेला हाड नाही. "एवढ्यावर माझी तुझ्यापासून सुटका होत असती तर बरंच झालं असतं," ती म्हणाली. "मला सांग, तुझ्या त्या जॉनच्या बापाचं आडनाव काय?"

"त्याला नव्हतंच आडनाव."

"मग जॉनला कुठून आलं?"

"शेतावर राहिला म्हणून..."

"आणि तुझा सॅम्युअल कुठे राहिला? चंद्रावर?"

हॉलमध्ये हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "ती कात्री उचला आता, हॅम कापायला घेईल कुणीतरी!"

क्लिफर्डने कात्री उचलली, पण बसला नाही. वंशावळीवर वाकून हॅनाचं नाव शोधू लागला. बायकांची नावं तो नेहमी बारीक अक्षरात लिहायचा, त्यामुळे चष्मा लावूनही त्याला वेळ लागला. हॅना, माहेरची सग्डेन.

"हे नाव तिचंही नव्हतं," तो हळूच म्हणाला. "तिला लग्नात मिळालं. आणि मिळालेलं तिने रस्त्यावरच्या पोराला देऊन टाकलं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं." त्याने तिच्या नावावर बोट टेकवलं. "तीस वर्षं मी त्या जॉनचे गोडवे गातोय. माझं जे काही आहे ते या बाईमुळे. हॅना, फार उपकार झाले तुझे."

आणि तो रडू लागला. बर्कनरॉइडांपैकी कुणी चारचौघांत रडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कुणी खिडकीबाहेर बघू लागलं, कुणी भरलेल्याच कपात पुन्हा चहा ओतला. मॅव्हिस मात्र उठली, त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मलाही हे नाव असंच मिळालंय, क्लिफर्ड. तुझ्याकडून."