फक्त वाचायचं होतं

माझी आत्या वेबसाइट बनवते. एका दवाखान्यात सगळे तिला ‘सुसाटबाई’ म्हणायचे, आणि ती खूश व्हायची. आता कुणी तशी हाक मारली की खाली बघते.

दवाखाना मनाच्या आजारांचा. पेशंटनी घरूनच फॉर्म भरायचा: नाव, फोन आणि ‘काय त्रास होतो?’ याखाली मोठा चौकोन. सख्ख्या बहिणीलाही न सांगितलेलं लोक तिथे लिहीत. ते सगळं एका गाठोड्यात बांधलं जाऊन सर्व्हरकडे जाई. गाठोडं सोडणारा जुना प्रोग्राम अक्षर न् अक्षर तपासायचा, म्हणून रखडायचा.

“अहो, फॉर्म पोचेपर्यंत पेशंट आपोआप बरा होतोय!” डॉक्टरीणबाई एकदा कावल्याच.

आत्याने तपासणी काढून टाकली. तिच्या जागी एकच ओळ लिहिली: जे येईल ते मशीनने सरळ चालवायचं. फॉर्म सुसाट निघाला.

“म्हणजे नेमकं काय केलंस?” मी विचारलं होतं.

“तुला स्टेजवर पत्र वाचायला दिलं, आणि त्यात लिहिलंय ‘पडदा पेटव’. तू काय करशील?”

“वाचून दाखवीन.”

“माझं मशीन काडी ओढेल,” ती म्हणाली. “पण असं पत्र लिहितंय कोण?”

अकरा महिन्यांनी कुणीतरी लिहिलं. त्रासाच्या चौकोनात त्रासाऐवजी हुकूम. मशीनने तो पाळला. सकाळी पाऊण तास सगळ्यांचे त्रास, नावांसकट, वेबसाइटच्या पहिल्याच पानावर झळकत होते.

दुपारी डॉक्टरीणबाईंचं बोट गेलं काउंटरवरच्या काकूंकडे. काकूंनी पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनलाच चिकटवली होती.

“ही काय जाहिरात आहे?”

“मी कुणाला नाही हो दिला... कुणी वाचला असेल तर...” काकूंनी चिठ्ठी सोलून मुठीत धरली.

आत्या तिथेच उभी होती. तिच्या लॅपटॉपवर तो हुकूम जसाच्या तसा दिसत होता, वेळेसकट. पासवर्डचा काडीचा संबंध नव्हता. तिने झाकण मिटलं. “बघते,” म्हणाली.

संध्याकाळी तिने माझ्यासमोरच ती ओळ बदलली. प्रोग्राम लिहायच्या त्याच भाषेत नुसती वाचणारी आज्ञा तयार होती. माहितीऐवजी हुकूम आला तर ती गाठोडंच नाकारते. आत्याने वेळ मोजून पाहिली. नवी ओळ जुनीपेक्षा काकणभर चपळच निघाली.

“म्हणजे वेगासाठीसुद्धा नाही गं केलं मी. शोधायचा कंटाळा केला.”

“आणि काकू? चोर सोडून संन्याशाला सुळी?”

“उद्या बोलते.”

“आज का नाही?”

ती हात धुवायला उठली. धुतलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. काकू खण रिकामा करत होत्या. चष्म्याचं घर, सुईदोरा, वेदनाशामक गोळ्या. डॉक्टरीणबाई शेजारीच.

“थांबा,” आत्या म्हणाली. “चिठ्ठीचा संबंध नाही. माझ्या ओळीमुळे झालं. धोका आहे हे लिहितानाच माहीत होतं.”

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. काकूंनी मात्र वेगळंच विचारलं, “आणि माझी चूक नाही, हे कधी कळलं?”

“काल दुपारी. तुम्ही चिठ्ठी सोलत होता तेव्हा.”

“मी घरी जाऊन लेकीला सांगितलं, माझ्यामुळेच लोकांची लाज वेशीवर टांगली गेली. ती म्हणाली, आई, तू आहेसच वेंधळी.” काकूंनी फोन लावून टेबलावर ठेवला, स्पीकर चालू करून. “पेशंटची माफी मागालच. आधी हिला सांगा.”

“हॅलो? मी दवाखान्याची वेबसाइट सांभाळते,” आत्या म्हणाली. “तुमच्या आईंची काही चूक नव्हती.”

“मग कोण होतं वेंधळं?”

बाकावरचे दोन पेशंट वळून बघायला लागले. आत्याने स्पीकर बंद केला नाही.

“मी. पण वेंधळेपणा नव्हता तो. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले.”